नाणेघाटाची जुनी वाट

दूरच्या देशांतील भग्नावशेष पाहण्याची हौस आपल्या सुशिक्षित समाजांत अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि ती वाढली याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत इंका लोकांची जी पर्वतनगरी आहे, तिच्यापर्यंत चार दिवस पायीं चालत जाण्याची यात्रा आतां जगप्रसिद्ध झाली आहे. वाटेंत तेरा हजार फुटांहून उंच खिंड ओलांडावी लागते, रात्री तंबूंत काढाव्या लागतात, सोबत परवाना असलेला वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि शेवटच्या दिवशीं पहांटे ‘सूर्यद्वार’ नांवाच्या कमानींतून माचू पिच्चूचें प्रथम दर्शन घडतें. हें वर्णन ऐकून ज्याचें मन उचल खाणार नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु तें ऐकतांना आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. भिवंडीच्या रहिवाशास घरून शिदोरी बांधून निघालें असतां चार दिवसांत जी वाट चालतां येते, जी इंकांच्या वाटेहून सुमारे दीड हजार वर्षांनीं जुनी आहे, आणि जिच्या माथ्यावर एका राणीनें आपल्या कुळाचीं नांवें व आपल्या यज्ञांचा हिशेब खडकावर कोरून ठेविला आहे, त्या वाटेची आपणांस कितपत ओळख आहे?

आम्ही परदेशच्या प्रवासाची थट्टा करीत आहों असें कोणीं समजूं नये. उलट, इंकांच्या त्या वाटेपासून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या शिकूनच आपण आपल्या घाटाकडे वळावें असें आमचें म्हणणें आहे. पहिली गोष्ट अशी कीं, तेथें नुसती नगरी हें स्मारक नसून नगरीकडे जाणारी वाट हेंच मोठें स्मारक आहे. पंधराव्या शतकांत भरभराटीस आलेल्या त्या साम्राज्यापाशीं चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता, लिपिहि नव्हती. ओझें वाहण्यास लामा नांवाचें जनावर आणि माणसाची पाठ, निरोप नेण्यास धांवणारे जासूद, आणि हिशेब ठेवण्यास दोऱ्यांच्या गांठी, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं अँडीज पर्वताच्या अंगावर तीस हजार किलोमीटरांपर्यंत रस्त्यांचें जाळें विणलें. त्या रस्त्यांस २०१४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्वतंत्र स्थान मिळालें.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक हायरम बिंगहॅम यांनीं २४ जुलै १९११ रोजीं माचू पिच्चू ‘शोधून काढलें’ असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. वस्तुतः त्यांस वर नेलें तें मेल्चोर आर्तेआगा नांवाच्या तेथल्याच एका शेतकऱ्यानें. वर पोंचल्यावर बिंगहॅम यांस दिसलें कीं कांहीं शेतकरी कुटुंबें त्या प्राचीन पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पीक काढीत आहेत, आणि त्यांपैकीं एक लहान मुलगा त्यांस अवशेष दाखवीत हिंडला. एवढेंच नव्हे, तर एका मंदिराच्या भिंतीवर लिझारागा हें नांव व १९०२ हा सन कोळशानें लिहिलेला होता. तो लिहिणारा गृहस्थ नऊ वर्षें अगोदर तेथें येऊन गेला होता. पुढें तीं अक्षरें पुसून टाकण्यांत आलीं. जगानें शोधाचा मान ज्याला दिला त्याला तो कांहीं अंशीं योग्यच होता, कारण त्यानें त्या स्थळाचीं मापें घेतलीं, छायाचित्रें काढलीं, जगास तें समजावून सांगितलें. पण जें हरवलेंच नव्हतें तें सांपडलें कसें, हा प्रश्न राहतोच. इतिहासाच्या कामांत दोन प्रकारचीं माणसें लागतात. एक वाचणारा, आणि एक वाट जाणणारा. पहिल्याचें नांव ग्रंथांत येतें. दुसऱ्याचें बहुधा येत नाहीं.

आपल्या घाटाची गोष्ट अशीच आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३० नंतरच्या दशकांत नाणेघाटांतील लेणें व त्यांतील लेख यांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील लेखांचा कसून अभ्यास केला, आणि ब्यूलर या जर्मन पंडितानें १८८३ सालीं त्यांचें वाचन व भाषांतर प्रसिद्ध केलें. या तिघांचें ऋण मोठें आहे. परंतु तो घाट तोंपर्यंत कोणास ठाऊक नव्हता काय? मुरबाडचा धान्याचा व्यापारी, जुन्नरचा बैलवाला, आणि घाटाच्या दोन्ही अंगांस राहणारे ठाकूर व महादेव कोळी यांच्या पायांखालची तर ती रोजची वाट होती.

आतां वाचकांनीं आमच्याबरोबर ती वाट चालावी. आम्ही ती हिंवाळ्यांत चाललों. पहिला मुक्काम मुरबाडास, दुसरा घाटाच्या पायथ्याशीं वैशाखऱ्याजवळ, तिसरा घाटमाथ्यावर घाटघर गांवीं, आणि चौथ्या दिवशीं जुन्नर. कल्याणापासून जुन्नर सुमारे पंचावन्न मैल आहे. पहिले दोन दिवस डांबरी सडकेवरून चालणें होतें, व तें ज्यांस नको असेल त्यांनीं एस. टी. च्या गाडीनें थेट पायथ्याशीं उतरावें. पण इतिहासाचा आरंभ पायथ्याशीं नसून खाडीच्या कांठीं आहे, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

भिवंडी म्हटलें कीं आज डोळ्यांपुढें यंत्रमागांचा खडखडाट आणि आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेलीं प्रचंड गोदामें उभीं राहतात. बंदरावर उतरलेला माल येथें येतो, कांहीं दिवस थांबतो, आणि मग घाट चढून देशावर जातो. हा उद्योग या शतकाचा आहे असें पुष्कळांस वाटतें. पण सह्याद्रीच्या पायथ्याशीं, खाडीच्या मुखापासून आंत, मालानें थांबावें व येथून वर चढावें, ही योजना मनुष्यानें केलेली नसून भूगोलानें केलेली आहे, आणि ती दोन हजार वर्षें तरी चालू आहे. भिवंडी व कल्याण हीं एकाच खाडीचीं दोन अपत्यें. २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं शिवाजी महाराजांनीं हीं दोन्ही ठाणीं एकदमच घेतलीं, व पुढल्या एक-दोन वर्षांत याच खाड्यांत मराठ्यांचीं पहिलीं लढाऊ जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. त्याच्याहि मागें गेलें तर भिवंडी तालुक्यांतच लोणाडजवळ खांडेश्वरीचें बौद्ध लेणें आहे. त्यांत राजसभेचा एक सुरेख शिल्पपट अजून पाहावयास मिळतो. लोणाड गांवांत शिलाहारकाळचें शिवमंदिर आहे. ज्या मुलखांतून व्यापार जातो त्याच मुलखांत लेणीं व देवळें उठतात, हा नियम येथूनच दिसूं लागतो.

खाडीच्या पलीकडे कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रमार्गाचें टिपण लिहून ठेविलें आहे. त्यांत तो कल्याणचा उल्लेख करून सांगतो कीं, थोरल्या सारगनस राजाच्या वेळीं हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. परंतु तें संदनस याच्या ताब्यांत आल्यापासून तेथें मोठी अडवणूक होऊं लागली, आणि एखादें ग्रीक जहाज तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येतें. सारगनस म्हणजे सातकर्णी, असें विद्वान् मानतात. या चार ओळींत एका बंदराचें नष्टचर्य सांगितलें आहे. भडोच क्षत्रपांच्या हातीं, कल्याण सातवाहनांचें; ज्याच्या हातीं बंदर त्याच्या हातीं जकात; म्हणून एकानें दुसऱ्याचें बंदर कोंडलें. त्याच टिपणांत पैठणहून येणारे मौल्यवान् खडे आणि तगर म्हणजे आपलें तेर येथून येणारें तलम व जाडेंभरडें कापड यांची नोंद आहे. बाहेरून येणाऱ्या मालांत मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळीं आणि कांच यांची यादी आहे. दख्खनचें कापड खालीं उतरत होतें व परदेशचें तांबें वर चढत होतें. कापडाच्या गांठींवर जगणाऱ्या भिवंडीकरास हें वाचून आपल्या पणजोबांच्या पणजोबांची चोपडी हातीं लागल्यासारखें वाटावें.

कल्याणच्या लोकांचीं नांवें दूरदूरच्या लेण्यांत आढळतात. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते अनेक आहेत. आणि जुन्नरच्या एका लेण्यांत कल्याणच्या एका सोनारानें पाण्याचें टाकें खोदवून दिल्याचा लेख आहे. हा सोनार कल्याणहून जुन्नरास गेला कोणत्या वाटेनें? भोरघाटाची चाकोरी त्याला फार आडवळणाची, थळघाट दूर उत्तरेस. सरळ वाट एकच, व तीच आम्ही चालत होतों.

मुरबाड मागें पडलें म्हणजे पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिच्यांत एके ठिकाणीं एक प्रचंड सुळका पुढें आलेला दिसतो. त्यास ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. घाटाचें नांव कोणी नाण्याशीं जोडतात, कोणी नाना नांवाच्या पुरुषाशीं. वैशाखऱ्याहून पुढें झाडी लागते, आणि येथून आम्हीं वाटाड्या घेतला. तो पन्नाशीचा, महादेव कोळी समाजाचा, अंगानें काटक आणि बोलण्यास अगदीं बेताचा असा गृहस्थ होता. पहिला अर्धा तास तो कांहींच बोलला नाहीं. पुढें एका ओढ्यापाशीं तीन पाऊलवाटा फुटल्या. त्यांतली सर्वांत रुंद वाट सोडून तो एका अरुंद, दगडांनीं भरलेल्या चढणीस लागला. आम्ही थबकलेलों पाहून तो म्हणाला, “ती गुरांची वाट आहे, साहेब. ही माणसांची. पावसानं माती जाते, पण बसवलेला दगड जात नाही. आमचे म्हातारे सांगायचे, दगड हलला नाही म्हणजे वाट बरोबर.”

त्याच्या या वाक्यांत पुरातत्त्वशास्त्राचा एक सबंध धडा आहे. खरोखरच थोडें वर गेल्यावर दगड ओळीनें बसविलेले दिसूं लागतात; पुढें खडकांतच पायऱ्या खोदलेल्या आहेत, त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. कोणत्या पायांनीं त्या झिजल्या याचा लेख कोठेंहि नाहीं. घाटाची चढण अडीच-तीन तासांची. शेवटचा भाग दोन कड्यांमधील अरुंद घळींतून जातो. डोक्यावर ओझें घेतलेल्या मनुष्यास तेथें दुसऱ्यास वाट देणें कठीण. ज्यानें ही घळ राखिली त्यानें सगळा व्यापार राखिला, हें तेथें उभें राहिलें कीं कोणी न सांगतां समजतें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं दख्खनच्या इतिहासाबद्दल लिहितांना बौद्ध लेणीं, घाटवाटा आणि व्यापार यांचा संबंध दाखवून दिला. तें काम त्यांनीं ग्रंथालयांत बसून केलें नाहीं, तर याच डोंगरांतून पायीं हिंडून केलें. नकाशावर नाणेघाट हें एक बारीक टिंब आहे. पायांना तो एक दरवाजा वाटतो.

माथ्याच्या किंचित् खालीं, सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, पश्चिमेकडे तोंड करून तें लेणें आहे. तें देवाचें नाहीं व भिक्षूंचेंहि नाहीं. समोरच्या भिंतींत एकेकाळीं पूर्ण उंचीचे पुतळे कोरलेले होते आणि त्यांच्या डोक्यांवर ब्राह्मी लिपींत नांवें होतीं. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री, कुमार सातवाहन. ज्या राजघराण्यानें महाराष्ट्राचा पहिला मोठा राज्यविस्तार केला, त्याच्या मूळ पुरुषाचा, राजाचा, राणीचा व मुलांचा हा एक कौटुंबिक चित्रपटच होता. आज पुतळे गेले आहेत. खडकावर कांहीं पायांचे अवशेष आणि वर नांवांचीं अक्षरें एवढेंच राहिलें आहे. ज्या वाटेवरून लक्षावधि पाय गेले त्या वाटेच्या राजांचेहि पायच तेवढे उरावे, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्रत्येकीं दहा ओळींचा तो सुप्रसिद्ध लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचें पहिलें शतक असा धरतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांस वंदन आहे. नंतर एका राणीचें वर्णन येतें. ती महारठी घराण्याची कन्या, राजाची पत्नी, वेदिश्री व सतिश्री या कुमारांची माता. महिना-महिना उपवास करणारी, घरांत राहून तापसीप्रमाणें वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. हीच नायनिका किंवा नागनिका, सातकर्णीची विधवा राणी, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. पुढें यज्ञांची यादी लागते: अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन आणि असेच आणखी पुष्कळ. आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेचे आंकडे. कोठें १,७०० गायी व १० हत्ती, कोठें ११,००० गायी व १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण.

हे आंकडे नुसते वैभवाचे नाहींत. ते अंकांत लिहिलेले आहेत, आणि भारतांत अंकचिन्हांचे जे अगदीं जुने नमुने उपलब्ध आहेत त्यांत यांची गणना होते. भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं याच लेखावरून प्राचीन अंकलेखनाविषयीं निबंध लिहिला. त्या पद्धतींत शून्य नव्हतें. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळीं चिन्हें होतीं, व मोठी संख्या तीं चिन्हें जोडून लिहीत. तरीहि त्यांतील कांहीं अंकांचीं वळणें आजच्या अंकांचीं पूर्वरूपें आहेत असें तज्ज्ञ सांगतात. इंकांनीं दोऱ्यांच्या गांठींत आपला हिशेब ठेविला, व त्या गांठींतून ते आणखी काय सांगत होते हें आज कोणासहि नीट उलगडत नाहीं. त्यांची वाट शाबूत आहे, पण त्यांचा शब्द हरवला. आपल्याकडे उलट झालें. शब्द खडकावर राहिला, आणि ज्या वाटेनें तो शब्द लिहिण्याची ऐपत आली ती वाट आपण विसरलों.

कारण हे हजारों कार्षापण आले कोठून? लेखांत जकातीचा उल्लेख नाहीं. परंतु माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, आणि त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत अशी परंपरा सांगते. रांजणाची गोष्ट खरी असो वा नसो, राणीनें आपल्या कुळाचे पुतळे राजधानींत न उभारतां व्यापाऱ्यांच्या वर्दळीच्या या अरुंद घळीच्या तोंडाशींच कां उभारले, याचें उत्तर घळच देते. येथून जाणाऱ्या प्रत्येकानें राज्य कोणाचें आहे हें पाहावें, व वर यावें. आणि यज्ञांच्या या लांब यादींत ज्यांनीं तें तांबें व कापड डोक्यावरून वाहिलें त्यांच्याबद्दल एकहि अक्षर नाहीं. त्यांच्यासाठीं खडकांत पाण्याचीं टाकीं मात्र आहेत. त्यांपैकीं एकापाशीं वासिष्ठीपुत्र सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षीं एका गृहस्थानें केलेल्या दानाचा लेख आहे. दमून वर आलेल्या मनुष्यास राणीच्या अश्वमेधापेक्षां या गृहस्थाचें पाणी अधिक उपयोगी पडलें असेल. आमच्या वाटाड्यास ब्राह्मी अक्षर वाचतां येत नव्हतें. पण कोणतें टाकें माघापर्यंत टिकतें व कोणतें पौषांतच आटतें हें त्यास पाठ होतें. लेणें दाखवून झाल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, “या राणीचं माहेर कुठलं, लिहिलंय का?” महारठींच्या घरचें, असें सांगतांच तो म्हणाला, “म्हणजे इथलीच.” पंडितांनीं पानेंच्या पानें खर्चून जो निष्कर्ष काढिला, कीं या परराज्यांत यज्ञ गाजविणाऱ्या राजकुळाचीं मुळें येथल्या महारठी घराण्यांशीं लग्नसंबंधानें बांधलेलीं होतीं, तोच त्यानें दोन शब्दांत सांगितला.

घाटमाथ्यावर आलें कीं पाठीमागें कोंकण आणि पुढें पठार. डावीउजवीकडचे किल्ले जणूं या वाटेची राखणच करीत आहेत: जीवधन अगदीं शेजारीं, मग चावंड, हडसर, आणि जुन्नरवर शिवनेरी. निजामशाहीच्या अखेरीस तिचा बालराजा जीवधनावर अडकवून ठेविलेला होता; त्यास सोडवून शहाजीराजांनीं पेमगिरीस त्याच्या नांवानें राज्य उभें केलें, व १६३६ सालीं त्यांनीं शेवटची झुंज दिली ती भिवंडीच्या शेजारच्या माहुलीवर. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला हें सर्वांस ठाऊक आहे. तेथेंच ‘कोळी चौथरा’ नांवाची जागा दाखवितात, व मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना तेथें ठार मारल्याची स्मृति सांगतात, हें थोड्यांस ठाऊक असतें. १८१८ सालीं इंग्रजांनीं हे किल्ले घेतल्यावर जीवधनाच्या पायऱ्या सुरुंगानें उडवून दिल्या. घाट राखणारे किल्ले निकामी करणें म्हणजे घाटाची सत्ता मोडणें, हें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांस समजलें होतें तसेंच त्यांसहि समजलें.

जुन्नर हें या वाटेचें फळ होय. गांवाभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं खोदलेलीं आहेत, आणि त्यांतील लेख वाचतांना एक सबंध बाजार बोलूं लागतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व टाकें दिलें. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींपाशीं धर्मादाय रकमा ठेवल्या गेल्या. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं मंडप व टाकें करविलें. आणि तीन यवनांचीं नांवें आहेत. इरिल यानें दोन टाकीं दिलीं, चिट यानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप, चंद यानें लेण्याचा दर्शनी भाग. हे यवन कल्याणच्या बंदरावर उतरून याच घळीनें वर आले असले पाहिजेत. समुद्रापलीकडच्या मनुष्यानें सह्याद्रींत येऊन पाण्याचें टाकें खोदवावें, याहून या वाटेचा मोठेपणा सांगणारा पुरावा दुसरा कोणता? क्षत्रप व सातवाहन यांच्या झगड्याचाहि पुरावा नाण्यांतच सांपडला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा निघाला, व त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

मग ही वाट मोडली कशी? एका दिवसांत मोडली नाहीं. बंदरें बदललीं, राज्यें बदललीं, तरी बैलांचे तांडे चालूच राहिले. १८३० सालीं भोरघाटांतून गाडीरस्ता झाला; १८६३ सालीं भोरघाटानें व १८६५ सालीं थळघाटानें आगगाडी वर चढली; पुढें शेजारच्या माळशेज घाटांतून मोटाररस्ता गेला. वाटेवरचें ओझें चाकांवर गेलें, आणि वाट उरली ती डोंगरांतल्या लोकांपुरती. आज जुन्नरच्या बाजूनें मोटार थेट माथ्यावर येते. पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं तेथें गाड्यांची रीघ लागते. वाऱ्यानें उलट उडणारा धबधबा पाहून, पोरांना कणसें घेऊन देऊन, लेण्यांत एक डोकें घालून मंडळी परत फिरतात. सृष्टिशोभा पाहण्यास आमची ना नाहीं. पण वरून येऊन वरूनच परत जाणाऱ्यास घाट कधीं दिसतच नाहीं. आणि महाराष्ट्रांतील लेण्यांच्या भिंतींवर आपलीं नांवें खरडणारे जे आहेत, त्यांस सांगावेंसें वाटतें कीं दोन हजार वर्षें टिकणारीं अक्षरें लिहिण्यास आधीं तशीं कांहीं कामगिरी असावी लागते.

पेरूच्या सरकारनें आपल्या वाटेसाठीं काय केलें हें येथें सांगण्यासारखें आहे. एका दिवशीं वाटाडे व हमाल धरून पांचशें माणसांहून अधिक कोणास सोडीत नाहींत. दर फेब्रुवारींत वाट डागडुजीसाठीं बंद ठेवितात. परवानाधारक वाटाड्यावांचून प्रवेश नाहीं. आणि हमालांच्या रक्षणासाठीं या शतकाच्या आरंभीं खास कायदा करून त्यांच्या पाठीवरील ओझ्यास वीस किलोंची मर्यादा घातली. त्या देशापुढील सर्व अडचणी याने सुटल्या असें नाहीं, पण वाट आणि वाटाडे हे दोन्ही जपण्याच्या वस्तु आहेत एवढें त्यांनीं कायद्यांत लिहून ठेविलें.

आपल्याकडे याहून लहान आरंभ पुरेल. घाटाच्या पायथ्याच्या व माथ्याच्या गांवांतील तरुणांना वाटाडे म्हणून मान्यता व ठराविक मजुरी मिळावी. त्यांना लेखाचा अर्थ सांगण्यास कोणीतरी जावें, व त्यांच्याकडून वाटेची माहिती उतरून घेण्यासहि जावें. लेण्याशेजारीं त्या लेखाचें मराठी रूपांतर वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत लावावें. भिवंडी, कल्याण, मुरबाड व जुन्नर येथील शाळांनीं वरच्या वर्गांतील मुलांस वर्षांतून एकदां तरी हा घाट चढवून न्यावा, आणि तो खालून वर चढवावा. आमच्या वाटाड्याचा मुलगा भिवंडीच्याच एका गोदामांत माल चढविण्या-उतरविण्याच्या कामास आहे. बापाला ठाऊक असलेले बसविलेले दगड त्याला ओळखतां येत नाहींत, असें बाप आम्हांस सांगत होता. तक्रार म्हणून नव्हे, पाऊसपाण्याबद्दल सांगावें तसें. ब्राह्मी लेखाचे ठसे, छायाचित्रें व वाचनें ग्रंथालयांत सुरक्षित आहेत, ते उद्यांहि राहतील. त्या माणसाच्या पायांतील वाट कोणत्याहि ग्रंथालयांत नाहीं. ती लिहून घ्यावयाची तर तो चढूं शकतो आहे तोंवरच लिहून घ्यावी लागेल.